बेल्टला लटकलेला माणूस खाली कसा आणायचा

पत्र्याच्या छतावर काम करणारा माणूस पडतो, तेव्हा बहुतेकदा तो कडेवरून पडत नाही. तो छतातून पडतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की नवल वाटतं. कडेपाशी माणूस जपून असतो, पाय चाचपून टाकतो. छताच्या मधोमध मात्र पायाखाली सगळीकडे पत्राच पत्रा दिसतो, तिथं तो निर्धास्त चालतो. आणि पंचवीस-तीस पावसाळे खाल्लेला सिमेंटचा पत्रा असेल, तर तिथंच तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुटतो.

मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सुरक्षा अधिकारी म्हटलं की आमच्या नात्यातल्या बायकांना वाटायचं, मी गेटवरच्या वॉचमन लोकांवर देखरेख करते. माझ्या सासूबाईंनी तर एकदा शेजारणीला सांगितलं, "तिच्याकडे बंदूक नसते, पण बाकी सगळं असतं." माहेरी कारकून, सासरी शिक्षक, अशा घरातली मी. हेल्मेट घालून, ओढणी कमरेला गच्च बांधून चाळीस फुटी शिडी चढते हे त्यांना कळलं असतं, तर नगरच्या सावेडीतल्या आमच्या घरात थोडी चर्चा झाली असती. म्हणून मीही ते फारसं सांगितलं नाही.

काम समजायला सोपं आहे. उंचीवर चढणाऱ्या माणसाने अंगात पट्ट्यांचा बेल्ट घालायचा. हा पट्टा नुसता कमरेला नसतो, तो खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांखालून जातो. त्याच्या पाठीवरच्या कडीला दोन दोऱ्या असतात आणि प्रत्येक दोरीला एक हुक. दोन हुक अशासाठी, की पुढे सरकताना एक काढला तरी दुसरा अडकलेला राहतो. माणूस पडला, तर पाच-सहा फुटांवर लटकतो, जमिनीवर जात नाही. बस, एवढंच.

अवघड असतं ते हे माणसांकडून करून घेणं. मी खालून येताना दिसले की हुक लावणारे लोक मी पाहिलेत. काही जण तर दुसरीकडे कुठे न लावता स्वतःच्याच बेल्टला हुक लावून ठेवायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गडी बांधलेला आहे. एका ठेकेदाराने मला दहा बेल्ट मोठ्या अभिमानाने दाखवले होते. सगळे नवेकोरे. तीन वर्षं तो उंचीवरची कामं करत होता आणि बेल्टवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मी काम थांबवलं, की सगळे एकच वाक्य म्हणायचे, "मॅडम, इतकी वर्षं काही झालं नाही." झालं असतं, तर तो माणूस हे सांगायला माझ्यासमोर उभा नसता.

लहानू मात्र असं काही म्हणाला नाही.

आमच्या गोदामाचे जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे रंगीत पत्रे टाकायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. ठेकेदाराने राजूरकडची टोळी आणली होती. सहा माणसं, आणि लहानू त्यांचा मुकादम. चाळिशी ओलांडलेला, अंगाने काटक, बोलायला सावकाश. सह्याद्रीच्या कुशीतली ही माणसं. लहानू तरुणपणी कड्यावरची आग्या मोहोळं उतरवायचा, दोराला लोंबकळून. त्याच्यापुढे आमचं तीस फुटांचं गोदाम म्हणजे ओटाच.

पहिल्या दिवशी मी टोळीला बेल्ट कसा घालायचा ते शिकवलं. लहानूने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, बेल्ट घातला, पट्टे आवळले आणि विचारलं, "मॅडम, बेल्ट दिलात, बरं झालं. पन हा हुक आडकवायचा कुठं? आभाळाला?"

बाकीचे हसले नाहीत, कारण तो चेष्टा करत नव्हता. छतावर खरोखरच हुक लावायला जागा नव्हती. जे पत्रे काढायचे, त्यांनाच कसा बांधणार? बेल्ट वाटायचे, सही घ्यायची आणि पुढच्या कामाला लागायचं, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं होतं. खरं सांगायचं तर केलंही होतं. लहानूला मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. दोन दिवस काम नको."

त्या दोन दिवसांत आम्ही छताच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पोलादी दोर ताणून घेतला. त्याला लाइफलाइन म्हणतात. त्याला हुक लावला की माणूस बांधलेला राहून छतभर फिरू शकतो. पत्र्यांवर थेट पाय पडू नये म्हणून लाकडी फळ्या टाकल्या. पत्र्यांखाली जे आडवे लोखंडी पाईप असतात, त्यांच्या ओळीवरच फळी यायला हवी, हे लहानूने मला दाखवलं. बोल्टांची रांग बघायची, बोल्टाखाली पाईप असतो. मी ते पुस्तकात वाचलं होतं, पण त्याने बोट ठेवून दाखवल्यावर जास्त कळलं.

दोन गोष्टी मात्र राहून गेल्या, आणि त्या माझ्या हातून राहिल्या. पहिली म्हणजे, छताखाली जाळी बांधायची होती. जाळी मागवली होती, ती येत्या आठवड्यात येणार होती. कारखान्याचे व्यवस्थापक कुलकर्णीसाहेब म्हणाले, "लाइफलाइन आहे ना? मग सुरू करू द्या. पावसाच्या आत छत बंद व्हायला पाहिजे." मी मान्य केलं. दुसरी गोष्ट अशी, की उंचीवरच्या कामासाठी रोज एक परवाना भरावा लागतो. त्यात दहा-बारा रकाने असतात. त्यातला एक असा: माणूस बेल्टला लटकला, तर त्याला खाली आणण्याची व्यवस्था. मी तिथं रोज एकच शब्द लिहीत असे, 'उपलब्ध'.

ही व्यवस्था म्हणजे एक मशीनची शिडी होती. पाळण्यात माणूस उभा करून ती वर नेते. ती शिडी आठवड्यापूर्वी दुसऱ्या साइटवर गेली होती, आणि ते मला माहीत होतं. पण हाताला सवय झालेली. टिक, टिक, टिक, उपलब्ध, सही.

टोळीत भिका नावाचा गडी होता. लहानूच्या बहिणीचा नवरा, त्यामुळे लहानू त्याला दाजी म्हणायचा. भिका अंगाने जाड, मनाने हळवा. बेल्टचा सगळ्यात जास्त कंटाळा त्यालाच. म्हणायचा, "मांडीला काचतंय, मॅडम. पाय मोकळा चालत न्हाई." मी त्याला तीनदा खाली उतरवलं आणि तीनदा बेल्ट घालून परत चढवलं. तिसऱ्या वेळी लहानू वरूनच म्हणाला, "घाला की दाजी. न्हाईतर सगुना मलाच इचारंल." सगुणा म्हणजे लहानूची बहीण, भिकाची बायको. भिकाने बेल्ट घातला. त्यानंतर मात्र तो न सांगता घालू लागला.

नवव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी गोदामात खाली उभी होते. वर कुणीतरी फळीवरून उतरून दोन पावलं आडवं गेलं असावं. पत्रा तुटल्याचा आवाज आला, तो फार मोठा नव्हता. मग धूळ, उन्हाचा एक झोत, आणि त्या झोतात भिका. छताच्या भोकाखाली सहा फुटांवर, जमिनीपासून वीस-बावीस फूट उंच, पाठीवरच्या दोरीला लटकलेला. हेल्मेट डोक्यावर तसंच होतं. एक चप्पल खाली पडली.

पहिला क्षण मला आनंदाचा वाटला, हे कबूल करते. हुक धरला होता. लाइफलाइन धरली होती. तीनदा उतरवलं त्याचं सार्थक झालं, असं मनात आलं.

दुसऱ्या क्षणी मला आठवलं की त्याला खाली आणायला माझ्याकडे काहीही नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेकांना ती माहीत नसते. बेल्टमध्ये लटकलेला माणूस सुखरूप नसतो. मांड्यांखालचे पट्टे आवळले जातात, पायांत उतरलेलं रक्त परत वर चढत नाही. माणूस हलला नाही, तर काही मिनिटांत चक्कर येते, आणि त्यानंतरचं मला लिहायचं नाही. ते प्रशिक्षणात मी स्वतः शिकवत असे.

गोदामातली शिडी आणली. ती पंधरा फुटांची निघाली. खाली अर्ध्या भागात यंत्रं झाकून ठेवलेली, त्यामुळे मोठी शिडी आणली तरी टेकवायला जागा नव्हती. बाहेर क्रेन उभी होती, ती दारातून आत येईना. कुणीतरी नगरला अग्निशमनला फोन लावला. नगरहून यायला पाऊण तास तरी लागणार. मी भिकाच्या खाली उभी राहून नुसती बोलत राहिले, "भिका, पाय हलवा. सायकल मारल्यासारखे हलवा. माझ्याकडे बघा."

"हलवतोय, मॅडम," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाय हायेत का न्हाईत, कळंना मला." त्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

तेवढ्यात भोकाच्या कडेला लहानूचं डोकं दिसलं. तो फळीवर पालथा पडून आत बघत होता.

"दाजी, आयका," तो म्हणाला. आवाज अगदी रोजचा, भाकरी सोडताना बोलावा तसा. "मी दोराचा फास सोडतोय खाली. त्यात पाय घाला अन् उबं ऱ्हा. रिकिबीत उबं ऱ्हात्यात तसं."

पत्रे वर ओढायचा जाड दोर होता, त्याचं एक टोक छत तोलणाऱ्या लोखंडी कैचीला बांधून दुसऱ्या टोकाचा फास त्याने खाली सोडला. पहिल्यांदा भिकाचा पाय चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मी खालून सांगत होते, "जरा डावीकडे, अजून खाली." तिसऱ्यांदा पाय फासात गेला आणि भिका त्यावर उभा राहिला. पट्ट्यांचा ताण सुटला. त्याने इतका मोठा श्वास घेतला की मला खाली ऐकू आला.

"आता घाई न्हाई," लहानू वरून म्हणाला. हे तो भिकाला सांगत होता की मला, कोण जाणे.

मग त्याने दुसरा दोर घेतला. आपल्या माणसांना त्या दोराचे तीन वेढे छताच्या लोखंडी कैचीभोवती घालायला लावले. वेढे असले की एक माणूससुद्धा मोठं वजन हळूहळू सोडू शकतो. दोराचं दुसरं टोक घेऊन तो स्वतः भोकातून कमरेपर्यंत खाली वाकला. त्याचा हुक लाइफलाइनला होता, ते मी पाहिलं. अशा वेळीसुद्धा मी तेच पाहिलं, याचं मला नंतर हसू आलं. त्याने दोर भिकाच्या पाठीवरच्या कडीत ओवून गाठ मारली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि मग भिकाची जुनी दोरी सोडली. वरच्या माणसांनी वेढ्यांतून दोर सोडायला सुरुवात केली. हातभर, थांब. हातभर, थांब. खाली आम्ही चौघांनी त्याला झेललं. पडल्यापासून अकरा मिनिटं झाली होती. मला माहीत आहे, कारण मी घड्याळ पाहत होते. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

भिकाला रुग्णवाहिकेतून नगरला नेलं. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि सोडलं. मांड्यांवर काळेनिळे वळ, बाकी काही नाही. संध्याकाळी मी लहानूला विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"मोहोळाला गेल्यावं एखादा मदीच आडकतो," तो म्हणाला. "त्याला तसाच सोडून यायचा व्हय?"

दुसऱ्या दिवशी अपघाताचा अहवाल लिहायचा होता. कुलकर्णीसाहेबांनी मला बोलावलं, चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. तेही रात्रभर झोपले नसावेत. म्हणाले, "माणूस वाचला, मॅडम. बेल्टने काम केलं, टोळीने सुटका केली. आपली व्यवस्था चालली. तसंच लिहा, सगळ्यांच्याच सोयीचं आहे."

"व्यवस्था लहानूची होती, साहेब," मी म्हणाले. "आपली नव्हती."

"त्याने कुणाचं नुकसान होतंय?"

"पुढच्या टोळीत लहानू नसेल, तिचं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग परवान्यावर सही कुणाची आहे, तेही लिहावं लागेल."

"माझीच आहे," मी म्हणाले.

मी लिहिलं. जाळी न येता काम सुरू केलं, ते मी मान्य केलं होतं. सुटकेच्या रकान्यात खोटं लिहिलं होतं, तेही मीच. मुख्य कार्यालयातून मला लेखी समज आली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली पहिली. एक प्रत फाइलला लागली, दुसरी मी घरी नेऊन नवऱ्याला दाखवली. शाळेत मुख्याध्यापक असलेला माणूस, त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "शुद्धलेखन बरं आहे." त्या रात्री भांडी मात्र त्यानेच घासली.

काम तीन आठवडे बंद राहिलं. जाळी आली, शिडीचं मशीन परत आलं आणि काम संपेपर्यंत हललं नाही. मी एक नियमही केला. जो कुणी छतावर जाईल, त्याने आधी जमिनीपासून चार फुटांवर बेल्टमध्ये तीन मिनिटं लटकून दाखवायचं, आणि बाकीच्यांनी त्याला खाली उतरवून दाखवायचं. उतरवायचं कसं, ते लहानूने शिकवलं. सगळ्यांत आधी मी लटकले. तीन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. दुसऱ्या मिनिटाला माझे पाय माझे राहिले नाहीत, कानात घूं घूं व्हायला लागलं. मी म्हणाले, "पुरे." लहानूने हातातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि म्हणाला, "अजून येक मिनिट हाय, मॅडम." ते मिनिट मी पूर्ण केलं. त्यानंतर बेल्ट घालायला कुणी कुरकुरलं नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, परवाना भरताना त्या रकान्यापाशी माझा हात थांबायला लागला. मी शिडीपाशी चालत जाऊन, तिचं मशीन सुरू करून बघितल्याशिवाय तिथं काही लिहिलं नाही.

भिका मात्र परत छतावर गेला नाही. एकदाच आला, बेल्ट नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आता न्हाई व्हनार माझ्यानं." मी त्याला खालचं काम देऊ केलं. तो मान हलवून गेला.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोघं भंडारदऱ्याला गेलो होतो. परत येताना राजूरचा बाजार भरलेला दिसला, म्हणून थांबलो. मला तिकडचा वासाचा काळभात तांदूळ घ्यायचा होता. एका पालाखाली तांदळाची पोती मांडून नवरा-बायको बसले होते. बाई वजन करत होती. मी तांदूळ हातात घेऊन बघितला आणि वर पाहिलं, तर समोर भिका. केस पांढरे झालेले. त्याने मला लगेच ओळखलं आणि उठून उभा राहिला.

"सुप्याच्या मॅडम," तो बायकोला म्हणाला.

बाईने काटा खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघून घेतलं. "मंजे आमच्या मालकाला कामावरनं काढलं, त्या तुमीच का?"

मी भिकाकडे पाहिलं. तो पोत्याची कड दुमडत होता. कड दुमडून झाली, तरी त्याने मान वर केली नाही.

"हो," मी म्हणाले. "मीच."

"बरं न्हाई केलं," सगुणा म्हणाली. ती रागावली नव्हती, मनात राहिलेलं सांगत होती. "इतकी वर्सं छतावं चढला मानूस. कधी नखाला लागलं न्हाई. घरात बसून लई खचला हुता तवा."

"चुकलं माझं," मी म्हणाले. ते अगदीच खोटं नव्हतं.

"जाऊ द्या आता. किती देऊ?"

पाच किलो घेतला. तिने काटेकोर मोजला आणि मग वरून एक ओंजळ घातली. भिका पिशवी उचलून आमच्या गाडीपर्यंत आला. डिकीत ठेवली, झाकण लावलं, आणि तिथंच थांबला.

"मी पडलो हुतो ते तिला कळलं असतं, तर तिनं भावालाबी चढू दिलं नसतं," तो म्हणाला. "लहानूच्या घरी तेवढंच काम हाय. तो छत सोडील, त्या दिवशी सांगनार हाय मी तिला."

"सांगा," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. मागून सगुणाने हाक मारली, दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, आणि तो पालाकडे परत गेला.